आवाज कसला येतोय?

एमपीएफआय इंजिन असलेल्या पेट्रोल गाडीत फ्युएल पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. विजेवर चालणारी मोटर, तीही पेट्रोलच्या पोटात! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला धडकीच भरली होती. पण टाकीतली वाफ इतकी दाट असते की पेटायला लागते तेवढी हवाच तिथे नसते, आणि आजूबाजूचं पेट्रोल त्या मोटरला थंड ठेवतं. चावी फिरवली की स्टार्टर लागण्याआधी दोन-तीन सेकंद हा पंप चालतो, पाइपात दाब तयार करतो आणि गप्प होतो. तेवढ्या वेळात गाडीच्या मागच्या बाजूने बारीकसा आवाज येतो. पंप धड असेल तर तो आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडायला लागला की मात्र ऐकू येतो. म्हणजे, यायला हवा.

तलमडुगुला माझ्या मामाच्या जिप्सीतला हा आवाज मला येत होता आणि मामाला येत नव्हता. आणि मामा बावीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करत होता.

तलमडुगु कुठे आहे हे वसईत सांगायचं म्हणजे पंचाईत. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, असं सांगितलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मुंबईहून नंदीग्राम एक्सप्रेसने नांदेड, किनवट करत आदिलाबादला उतरायचं आणि तिथून पुढे रस्त्याने जायचं. त्यात आम्ही वसईचे कॅथलिक. घरातला एक माणूस तेलंगणात राहतो म्हटलं की लोकांना तो फादर किंवा ब्रदर असणार असंच वाटतं. तसं काही नाही. मामा ईएमईमध्ये होता, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं सांभाळणाऱ्या विभागात. सिकंदराबादच्या ईएमई सेंटरमध्ये असताना त्याची मामीशी ओळख झाली. मामी तलमडुगुची. ती शाळेत शिकवते आणि तिच्या वाट्याला थोडी कापसाची जमीन आली आहे. निवृत्त झाल्यावर मामा वसईला परत येईल असं माझ्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं. तो आला नाही.

तिकडे गेलं की मला परक्या राज्यात आल्यासारखं वाटत नाही. बाजारात तेलुगू, दखनी, गोंडी आणि मराठी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेआधी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. रेघ मारली गेली, किनवट इकडे आलं, आदिलाबाद तिकडे राहिलं, पण माणसांची सोयरीक आणि बोली रेघेप्रमाणे हलली नाही. मामी ‘मला’ला ‘मले’ म्हणते. मामाच्या मराठीत वसई, लष्करी हिंदी आणि आता तेलुगू, असे तीन थर आहेत. त्याच्या हत्यारांच्या पेटीतसुद्धा हेच. मुंबईत ज्याला आपण डिस्मिस म्हणतो त्याला तो पेचकस म्हणतो, आणि शेजारचा मदतीला येणारा मुलगा सरळ स्क्रूड्रायव्हर म्हणतो. तिघेही हात पुढे करतात तेव्हा मिळतं एकच.

आता जिप्सीबद्दल. मारुतीची ही गाडी १९८५ साली भारतात आली. हलकी, उंच, चारही चाकांना ताकद देता येणारी. पोलीस, वनखातं आणि लष्कर यांनी ती इतकी वापरली की आपल्याकडे ‘जिप्सी’ म्हटलं की भटके लोक नंतर आठवतात, आधी खाकी किंवा हिरवी गाडी आठवते. सुरुवातीच्या जिप्सींना कार्ब्युरेटर होता आणि पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच लागलेला असे, यांत्रिक, पडद्याचा. २००० साली एमपीएफआय आलं. त्यात पेट्रोल नुसतं ओढून भागत नाही, सुमारे तीन बार दाबाने इंजेक्टरपर्यंत ढकलावं लागतं, म्हणून विजेचा पंप लागतो. मामाची गाडी या दुसऱ्या पिढीतली आहे. लष्करातून बाद झालेली, मग एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. तिचा मूळ हिरवा रंग दाराच्या आतल्या कडेला अजून दिसतो. मामा तिला ‘बाई’ म्हणतो, मामी तिला ‘सवत’ म्हणते.

ही गाडी हौसेची नाही. मामीच्या शाळेच्या रस्त्यात एक ओढा आहे. मे महिन्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात. मृग लागला, पाऊस धरला की तिथे गुडघाभर पाणी आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीचा चिखल. काळी माती ओली झाली की काय करते हे मुंबईकरांना सांगून कळणार नाही. चपलेला चिकटते, मग चिकटलेल्या मातीला माती चिकटते, आणि दहा पावलांत माणूस चार इंच उंच होतो. त्या दिवसांत मामीला शाळेत आणि गावातल्या कुणालाही दवाखान्यात न्यायचं तर मामाची जिप्सी लागते. तेव्हा मध्येच ओढ्यात पंपाने जीव सोडला तर काय, हा प्रश्न होता. आमच्या हातात मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे होते.

मी मामाला म्हटलं, “मामा, चावी फिरवलीस की मागून आवाज येतो.”

तो म्हणाला, “कुठे काय?” मग थोडं थांबून, “आवाज कसला येतोय?”

हा दुसरा प्रश्न मेकॅनिकचा होता, आणि मराठी साहित्याच्या विद्यार्थिनीची परीक्षा पाहणारा होता. कसला आवाज? मी म्हटलं, “घूं असा.” तो म्हणाला, “घूं की सूं?” घूं म्हणजे जड, पोटातला. सूं म्हणजे बारीक, हवा शिरल्यासारखा. “एकसुरी आहे की वर-खाली होतो?” “त्यात खरखर मिसळली आहे का?” “पेट्रोल कमी असताना वाढतो का? दुपारी जास्त, सकाळी कमी, असं आहे का?”

अनुकरणवाचक शब्द आपण व्याकरणात दोन मार्कांसाठी पाठ करतो. घरघर, किणकिण, कुरकुर, फसफस. मी तर परीक्षा झाल्यावर ते विसरूनही गेले होते. पण आपल्या भाषेत हे शब्द उगाच ढिगाने नाहीत. १८३१ साली निघालेला मोल्सवर्थचा कोश नुसता चाळला तरी दिसतं, की आवाजांसाठी किती बारीक फरकांचे शब्द लोकांच्या तोंडी होते. गाडीचं जातं असो की बैलगाडीचा आख, बिघडलेली वस्तू आधी आवाजाने ओळखायची आणि तो आवाज दुसऱ्याला सांगायचा, ही गरज त्यामागे असणार असं माझं मत झालं आहे. कुरकुर म्हणजे कोरडं घासणं. करकर म्हणजे त्याच्या पुढची पायरी. खडखड म्हणजे काहीतरी सैल. फसफस म्हणजे कुठूनतरी निसटतंय. मामाने या शब्दांवर बावीस वर्षं काम केलं होतं, फक्त तेव्हा ऐकणारेही त्याचेच कान होते.

शेजारच्या मुलाने त्यात तेलुगूची भर घातली. तो गाडीमागे उकिडवा बसला, ऐकलं आणि म्हणाला, “चप्पुडु वस्तुंदि.” म्हणजे आवाज येतोय. मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन साक्षीदार झाले होते.

शेवटी मी जे वर्णन केलं ते असं: चावी फिरवल्यावर ‘घूं’ने सुरू होतो, लगेच चढून ‘ईं’ असा बारीक होतो, आणि त्या बारीक सुराच्या खाली थोडी खरखर आहे. डासाने कानाशी गुणगुणावं आणि त्याच वेळी कुणीतरी कागद चुरगाळावा, तसं. गाडी उन्हात तापली आणि टाकी पाव भागाच्या खाली गेली की दोन्ही वाढतं.

मामाने हे वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्यात मला सगळ्यात आवडला तो क्रम. टाकी उतरवणं हे सगळ्यात मोठं काम, म्हणून ते सगळ्यात शेवटी. आधी फुकटातलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून पंप चालवायचा. टाकीत हवा यायची वाट बुजली असेल तर आत ओढ बसते आणि पंप रडतो, आणि झाकण उघडताच ‘हुस्स’ होऊन आवाज बदलतो. आमच्याकडे हुस्स झालं नाही, आवाजही बदलला नाही. मग थोड्या पैशांतलं. पेट्रोलचा फिल्टर बदलला. जुना फिल्टर उलटा करून बशीत रिकामा केला तर चहाच्या गाळासारखा तांबूस गाळ पडला. मामाने तो बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, “गंज. टाकीतला.” फिल्टर तुंबला की पंपाला जोर लावावा लागतो आणि तो तक्रार करतो. नवा फिल्टर बसवल्यावर आवाज थोडा उतरला, गेला नाही.

मग वीज. पंपापाशी येणाऱ्या वायरवर मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि पंपाजवळ पंप चालू असताना जेमतेम अकरा. मध्ये दीड व्होल्ट कुठे गेला? चॅसीला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने आवळली होती तिथे गंजाचा पापुद्रा होता. पॉलिशपेपरने घासून, बोल्ट आवळून पुन्हा पाहिलं तर बारा. मला वाटलं, झालं. पण आता पंपाला पूर्ण वीज मिळाल्यामुळे तो आणखी जोरात फिरू लागला आणि आवाज उलट अर्धा सूर चढला. मी तसं सांगितलं. मामा हसला. “बरोबर. चढायलाच पाहिजे.” मी सांगितलेला आवाज त्याच्या हिशेबात बसला याचा मला केवढा आनंद झाला, ते आमच्या वर्गातल्या कुठल्याही सेमिनारला झाला नव्हता.

त्याने एक लांब पेचकस घेतला. ही मेकॅनिकांची जुनी युक्ती आहे: पात्याचं टोक संशयित भागाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरच्या नळीसारखं. मी टाकीला टेकवून ऐकलं तर ती खरखर थेट डोक्यात शिरली. मग मामाने घेतला. बराच वेळ कानाला लावून बसला. मग कानामागच्या हाडाला. शेवटी मूठ नुसती तळहातात धरली आणि म्हणाला, “थरथर आहे.” आवाज आहे असं नाही म्हणाला.

त्या रात्री जेवणानंतर भांडी घासताना मामी मला म्हणाली, “तुह्या मामाले कमी ऐकू येते, पोरी. फोनवर समोरचा काय म्हन्ते ते समजत नाही, नुसतं हो-हो करते. मागून ट्रक हॉर्न देते, यायले पत्ताच नाही. मी बोलले की रागावते. तू बोल.”

तेव्हा मला आधीच्या चार दिवसांतल्या गोष्टी एकेक करून दिसायला लागल्या. टीव्हीचा आवाज. माझ्यापेक्षा शेजारच्या काकांशी त्याचं जास्त सहज बोलणं, कारण काकांचा आवाज जाड. ‘सात’ आणि ‘आठ’मध्ये झालेला घोळ. नंतर मी वाचलं त्यावरून कळलं, की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. आधी जातात ते वरचे सूर, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. इंजिनाची घरघर, दाराची थाप, माणसाचा जाड आवाज, हे खालचे सूर शाबूत राहतात. म्हणून त्या माणसाला स्वतःला वाटतं, मला तर सगळं ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात. स, श, फ, त ही व्यंजनं गळतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज लांब जातात. आणि गळतो तो पंपाचा बारीक ‘ईं’. जिप्सीत मामाला इंजिन नीट ऐकू येत होतं. अख्खी गाडी त्याला ऐकू येत होती, फक्त बिघडलेला भाग सोडून.

बोलायचं कसं, हे मला कळत नव्हतं. घरात मामाशी अशा विषयावर कुणी बोलत नाही. तो सगळ्यांच्या गाड्या, मिक्सर, शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. त्याला तुझंच काहीतरी नादुरुस्त आहे असं एकवीस वर्षांच्या भाचीने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने दाबाचा मीटर काढला. घड्याळासारखी तबकडी आणि एक रबरी नळी. पेट्रोलच्या लाइनमध्ये तो जोडला आणि मला चावी फिरवायला सांगितली. काटा रेंगाळत दोनच्या जरासा पुढे गेला. तीनच्या जवळ जायला हवा होता. चावी बंद केल्यावर दाब थोडा वेळ टिकायला हवा, पण काटा आमच्या डोळ्यांसमोर खाली आला. इंजिन चालू करून रेस दिली तेव्हा काटा आणखी दबला. “बघ,” मामा म्हणाला, “आता कानाची गरजच नाही. मीटर खोटं बोलत नाही.”

मी म्हटलं, “मामा, कानाचा पण असा मीटर असतो. आलेख काढून देतात.”

तो नळी सोडवत होता. नळीतून थोडं पेट्रोल फडक्यात टिपलं, फडकं लांब वाळत टाकलं, मीटर पुसून डब्यात ठेवला. मग म्हणाला, “पंप आणायला आदिलाबादला जायचंच आहे.”

एवढंच. मामीला मी सांगितलं तेव्हा ती काही न बोलता त्याचा धुतलेला शर्ट इस्त्रीला काढून ठेवायला गेली.

आदिलाबादला आधी कानाचं झालं. काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होते. बऱ्याच वेळा त्याचा अंगठा हललाच नाही आणि तो अगदी शांतपणे समोर पाहत होता, जणू काही खोलीत आवाज सोडलाच नव्हता. तो कागद हातात आला तेव्हा डावीकडे रेघ बऱ्यापैकी सपाट होती आणि उजवीकडे, चार हजारापाशी, खड्ड्यात उतरली होती. डॉक्टरांनी समजावून सांगायच्या आधीच मामाने बोट ठेवलं. “इथे प्रेशर ड्रॉप आहे.” डॉक्टर हसले. मामा हसला नाही, तो खरोखरच वाचत होता. हे परत येणार नाही, पण मशीनने मदत होईल, असं डॉक्टर म्हणाले. मामाने विचारलेला प्रश्न एकच: “मशीन लावलं तर इंजिनचा आवाज खोटा ऐकू येईल का?” सुरुवातीला वेगळा वाटेल, सवय व्हायला वेळ लागेल, असं उत्तर आलं. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून त्यासाठी अर्ज केला आहे.

पंपाच्या दुकानात मामा नेहमीचा मामा झाला. अख्खी असेंब्ली महाग होती, म्हणून नुसता पंप, सोबत नवी जाळी, फ्लॅंजखालचं रबरी वायसर आणि पंपावरची छोटी नळी, असं घेतलं. त्या नळीवरून त्याने दुकानदाराशी दहा मिनिटं हुज्जत घातली. साधी पेट्रोलची नळी आतून पेट्रोल वाहायला ठीक असते, पण बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहायची तिला सवय नसते. काही महिन्यांत ती फुगते, मऊ पडते आणि फाटते, आणि नवा पंपही बिचारा बिनकामाचा ठरतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, तेव्हा जुन्या रबराला आणखीच त्रास. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली की तळाशी काय जमेल सांगता येत नाही.

टाकी उतरवायला आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात केली. मे महिन्यात आदिलाबादच्या उन्हात दहानंतर पेट्रोलशी खेळणं म्हणजे मरणाला बोलावणं. झाडाखाली, उघड्यावर. मोबाइल घरात. एक घमेलं कोरड्या वाळूने भरून शेजारी. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं आणि पाइपात उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबलो, म्हणजे नळी सोडवताना तोंडावर फवारा येत नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर. मग टाकीतलं पेट्रोल जेरीकॅनमध्ये. मग खालून नळ्या, वायरी, प्रत्येकीला मामाने चिंधी बांधून गाठींनी नंबर दिले: एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. टाकीखाली फळी, फळीखाली जॅक, आणि बोल्ट सोडवत हळूहळू खाली.

मध्येच मला एक गंमत सुचली ती सांगते. चावी, घमेलं आणि हात धुवायला ठेवलेलं पिंप, हे तिन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेत. वसईच्या किल्ल्यावरून ते दोनशे वर्षांत गेलेही असते, पण त्यांचे शब्द तलमडुगुच्या झाडाखाली पहाटे कामाला लागले होते. मी हे मामाला सांगितलं. तो गाडीखाली होता. “काय?” म्हणाला. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. “दहाचा पाना दे,” तो म्हणाला. मला अजूनही नक्की माहीत नाही की त्याला ऐकू आलं नव्हतं की रस नव्हता.

टाकी उघडायच्या आधी फ्लॅंजभोवतीची माती ब्रशने, मग ओल्या फडक्याने साफ केली. उघडल्यावर आत पडणारा एक कणही शेवटी पंपाच्याच तोंडात जातो. मग स्क्रू काढले आणि मामाने असेंब्ली तिरकी करून अलगद वर घेतली. खाली लटकणारी जाळी मूळची पांढरी असते म्हणे. आमची काळी-तपकिरी झाली होती, चिकट, चहाच्या गाळणीला महिनाभर धुतलं नाही तर होते तशी. पंप पेट्रोल ओढत होता आणि जाळी देत नव्हती. अशा वेळी पेट्रोलमध्ये बुडबुडे तयार होतात आणि पंपाच्या पात्यांवर फुटतात. मी जिला कागद चुरगाळल्यासारखी खरखर म्हटलं होतं ती हीच असावी. आणि ‘ईं’ हा झिजलेल्या मोटरचा. मामाने पंपाचा दांडा बोटाने फिरवला तेव्हा तो एका जागी अडकत होता. एका जाळीने काम भागलं असतं का, हे मी विचारलं. तो म्हणाला, जाळीने सुरुवात केली, पंपाने शेवट केला, आता दोघांनाही घरी पाठवायचं.

टाकी आतून धुतली, दोनदा. गाळ वाटीभर निघाला. नवा पंप बसवताना वायरींची दिशा त्याने तीनदा पाहिली, कारण उलटी लागली तर पंप उलटा फिरतो. नवी जाळी, नवी नळी, नवे क्लिप, नवं वायसर. जुन्या पंपाखाली कंप शोषणारी रबरी गादी होती ती भेगाळली होती, तीही बदलली. तेवढ्याने सुद्धा आवाज अर्धा होतो, कारण टाकी पत्र्याची, आणि पत्रा म्हणजे ढोल.

पुन्हा सगळं वर चढवेपर्यंत नऊ वाजले. चावी फिरवली, थांबलो, बंद केली. पुन्हा. पुन्हा. नळ्यांत पेट्रोल भरायला तीन-चार वेळा असं करावं लागतं. मामा खाली झोपून प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवत होता, ओल लागते का पाहायला. काटा या वेळी सरळ तीनच्या जवळ गेला आणि चावी बंद केल्यावर तिथेच उभा राहिला. मामाने काटा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “आवाज कसला येतोय?”

मी टाकीजवळ वाकून ऐकलं. नवा पंपही मुका नव्हता. हलकीशी, एकसुरी गुणगुण होती, खरखर अजिबात नाही. मी म्हटलं, “गुणगुण.” त्याने टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

जूनमध्ये पाऊस धरला तेव्हा मी मुंबईला परत आले होते. मामी कळवत असते. जिप्सी ओढा उतरते आणि चढते. अंधार पडल्यावर मामा आता हायवेला गाडी नेत नाही, हे त्याने स्वतःहून ठरवलं, त्यावर कुणी काही बोललं नाही. डाव्या बाजूला मोठा आरसा बसवला आहे. आणि मामी गाडी शिकते आहे. पहिल्या दिवशी तिने क्लच न दाबता गिअर टाकला तेव्हा झालेली करकर मामाला ऐकू आली की सीटमधून कळली, यावर दोघांचा वाद अजून चालू आहे.

दर रविवारी सकाळी ती चावी फिरवते आणि मला व्हॉट्सॲपवर तीन सेकंदांचा आवाज पाठवते. मी एका शब्दात उत्तर देते. गेल्या रविवारी मी लिहिलं, ‘गुणगुण, पण जरा मोठी.’ थोड्या वेळाने मामाने पेट्रोलच्या काट्याचा फोटो पाठवला. टाकी पाव भागाच्या खाली होती.